विहिरीपासून एकोणीस पावलं

प्रिय ग्युचल दादा,

आई माझ्याकडे शहरात आहे. सर्दी झाली म्हणून ठेवून घेतलं, असं तुला फोनवर सांगितलं. ते खरं नव्हतं.

चार हिवाळ्यांपूर्वी बर्ड फ्लूची साथ आली आणि आपली अठ्ठावीस हजार बदकं एका दुपारी मारावी लागली. पुरायला जागा नव्हती, कारण साऱ्या जमिनीवर तुझ्या शेड होत्या. म्हणून खड्डा विहिरीपासून एकोणीस पावलांवर खणला. त्या साथीने शिकवलं ते एवढंच : शेडमध्ये किती मावतील हे नंतर, मेली तर कुठे जातील हे आधी मोजायचं. तू खड्ड्याच्या कडेलाच नवी शेड बांधलीस आणि दारावर हिरव्या अक्षरांत ‘शाश्वत शेती’ अशी पाटी लावलीस.

गेल्या महिन्यात किमचीचं, कोबीच्या तिखट लोणच्याचं, वर्षाचं काम करायला आपण सगळे जमलो. कोबीचे दोनशे गड्डे आईने विहिरीच्या पाण्यात धुतले. निघताना ती तुला म्हणाली, “अरे, तुझे डबे कुठायत? किमची नसली तर ताट ढकलणारा तू!” तू म्हणालास, “पोरांना आता पिझ्झाच लागतो गं.” सगळे हसले. मागच्या अंगणात घमेली धुताना वहिनी पुटपुटली, “तू हे पाणी पिऊ नकोस हं. आम्ही उन्हाळ्यातच तपासून घेतलं, तेव्हापासून बाटल्याच आणतो.” आईचं काय, असं मी विचारलं. ती घमेलं घासत राहिली.

मी विहिरीच्या पाण्याचा नमुना माझ्या प्रयोगशाळेत आणला, तीनदा तपासला. कुजलेल्या मांसातून झिरपणारा अमोनिया मर्यादेच्या नऊपट. तुला फोन केला तर म्हणालास, “मेलेली बदकं काय पोहत येतात विहिरीत? नव्या शेडचा परवाना येईपर्यंत तोंड मिटून बस, शास्त्रज्ञबाई.” घाण पाणी मी रोज हाताळते आणि हात धुऊन निवांत जेवते. त्या दिवशी मात्र घास उतरला नाही. तुझ्या आवाजाचीच किळस येत होती.

आज सकाळी अहवाल जिल्हा कार्यालयात दिला. खाली सही माझी आहे. सोमवारी ते येतील, त्या विहिरीवरच्या बाकी अकरा घरांनाही कळेल, आणि तुझा परवाना अडेल. विहीर बिघडल्याचं आईला सांगितलंय. तुला ते उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, हे सांगितलेलं नाही. ती सारखी मागे लागली आहे, “अगं, दादाला आधी कळव. तो बिचारा तेच पाणी पीत असेल.” म्हणून कळवते आहे.

तुझीच,
सोह्वा