संजीवनीला पाणी कोणी घातलं

आई,

तुला उठवलं नाही. पहिल्या पाळीला प्लांटवर चाललोय. दोन दिवस तू दवाखान्यात गेली नाहीस, आज दुपारी जा. अवधपुरीच्या वळणावर ऑटो मिळेल.

काल नऊ दिवसांनी बाबा नीट बोलले. पहिलं हेच विचारलं, "पचमढीच्या कड्यावरून आणलेली संजीवनी उघडली का?" मी म्हटलं, "सगळ्या कुंड्या हिरव्यागार आहेत." मी संजीवनीचं नाव टाळलं, ते त्यांनी लगेच ओळखलं. "खोटं बोलू नकोस. पाणी कोणी घातलं?"

ती कोरडी पडली की मिटते, मेलेली नसते, हे तुला आमच्यापैकी कोणी सांगितलंच नव्हतं. तहानली असेल म्हणून तू रोज पाणी घातलंस आणि मुळं कुजली. मी माझं नाव सांगितलं. फार बोलले मला. बोलू देत. डॉक्टर आता घरी न्यायचं नावच काढत नाहीत. अशा वेळी त्यांचा राग तुझ्यावर नको.

तू काही कबूल करू नकोस, नुसती जवळ बस. मी निघताना त्यांनी दोनदा विचारलं, "तुझी आई का येत नाही?"

श्रीरंग