बोळावरची वायर

५ जानेवारी, सोमवार

बायकोचा, मदिनाबीचा गुडघा कसा आहे? कालच्यासारखाच, कुरकुरतो. दानिशची सर्दी? उतरली. माझी छाती? अर्धी भुशाची, पण चालते. बोळापलीकडं गुंडा सुतार सकाळी दोनदा खोकला, म्हणजे तोही बरा असणार. झाली सगळ्यांची खबर. आता राग लिहितो.

आमचा दानिश सांगलीहून आला. तिथं कुठल्याशा हॉलात हत्यारांचं प्रदर्शन होतं. बिनवायरचा ड्रिल, बिनवायरची करवत, बॅटऱ्या, चार्जर — सगळं घेऊन आला! चांगलं आहे, आण. पण आल्या आल्या पहिलं काम काय केलं? आमची लांब वायर गुंडाळली आणि खुंटीला टांगली. म्हणाला, "अब्बा, आता हिची गरज न्हाई."

गरज नाही!

आमची लाईट एका डीपीवर, गुंडाची दुसऱ्या डीपीवर. मलकापुरात दोन्हीकडची लाईट एकाच वेळी गेली, असं क्वचितच होतं. माझ्याकडची गेली की त्याच्याकडून वायर घ्यायची, त्याची गेली की माझ्याकडून. पत्र्याच्या हुकातून, बोळावरून, पलीकडं. वायरीमागोमाग तो यायचा नाहीतर मी जायचो. रंधा फिरता फिरता चहा व्हायचा, भांडण व्हायचं, दोन्हीकडच्या पोरापोरींची लग्नंसुद्धा त्या वायरीखालीच ठरली. आणि हा कालचा पोरगा म्हणतो, गरज नाही!

६ जानेवारी, मंगळवार

ड्रिल हातात घेऊन बघितला. हलका आहे. सागवानात लोण्यासारखा जातो. मनगटाला कळ नाही. चांगला आहे — म्हणून तर जास्त राग येतो.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी लाईट गेली. सवयीनं उठलो, खुंटीपर्यंत गेलो, आणि तसाच येऊन बसलो. दानिशचं काम चालूच होतं. मला म्हणाला, "काय शोधताय, अब्बा?" म्हटलं, काही नाही, पाय मोकळे करतोय.

चहाला बसल्यावर मोबाइल दाखवायला लागला. म्हणे, हे तर काहीच नाही, पुढं येतंय ते बघा! चौकटीला मारायचा मोठा रंधा बॅटरीवर. टेबलाची गोल करवत बॅटरीवर. आणि बॅटरीसुद्धा अशी की आतली रचनाच बदललेली — तापत नाही, दम जास्त, चहा उकळेपर्यंत भरते.

मी विचारलं, "मग ही आपली?"

"ही जुनी झाली की अब्बा."

अरे, खोक्यावरचा कागद अजून पुरता निघाला नाही! परवा आणली आणि आज जुनी! माझ्या वडिलांचा रंधा अजून पेटीत आहे. पातं झिजून बोटभर उरलंय. त्याला जुना म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि ही घरात येतानाच म्हातारी होऊन आली! जे अजून दुकानात आलेलंच नाही, ते हातातल्या हत्याराला लाज आणतंय. कसला हा धंदा?

११ जानेवारी, रविवार

आज डोकं फिरलंय. नीट लिहितो.

गुंडाच्या शिवतेजनंही दिवाळीतच असली बिनवायरची हत्यारं घेतलीत. कंपनी मात्र दुसरी. आज गुंडा आपल्या दारातून ओरडला, "आमिऱ्या, एक बॅटरी दे रं, माझी उतरलीया."

मी उठणार, तेवढ्यात दानिश आतून म्हणाला, "काका, आमची तुमच्या मशीनला बसत न्हाई."

"का न्हाई? तुमची अठरा व्होल्टची, आमची बी अठराचीच!"

"खाचा येगळ्या हायत, काका."

गुंडानं उतरलेली बॅटरी काखोटीला मारली. मग म्हणाला, "द्यायची नसंल तर न्हाई म्हना की गड्या. खाचा कशाला सांगताय?" आणि आत गेला.

मला! आमिऱ्याला! याच्याकडून मी गिरमिट आणलं, पटाश्या आणल्या, एकदा तर याच्या बायकोची शिडी महिनाभर माझ्याकडं होती. माझी करवत त्याच्याकडं इतकी राहिली की माझीच मला ओळखू येईना. आम्ही एकमेकांना कधी नाही म्हटलं? आणि हा चारचौघांत मला चिक्कू ठरवून आत गेला! आत जाऊन खोकला नाहीसुद्धा.

१२ जानेवारी, सोमवार

रात्रभर एकच विचार. बसत नसेल, तर तासली की बसेल. लाकडाचं तर असंच असतं. झडप चौकटीत जात नाही म्हणून कुणी झडप फेकून देतं का?

गुंडा कराडच्या बाजारात गेला होता. तेवढ्यात शिवतेजला हळूच हाक मारून त्यांची बॅटरी बघायला मागितली. दोन्ही शेजारी ठेवल्या. फरक कसला तर एका प्लास्टिकच्या टेंगळाचा! बारीक पटाशी घेतली, आमच्या बॅटरीचं टेंगूळ साफ उडवलं, कानस मारली. झक्क!

दानिशनं बघितलं आणि असा ओरडला की मदिनाबी लंगडत बाहेर आली. "अब्बा! लिथियम हाय आत! पेटली असती तर? नुसती खाच न्हाई, आतलं सर्किट बी येगळं असतं!"

मदिनाबी म्हणाली, "बरं झालं, गुडघ्याला शेक मिळाला असता."

त्या बॅटरीला दानिश आता हात लावत नाही. अंगणात विटांवर ठेवलीय, शिक्षा झाल्यासारखी.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ आला. गुंडाच्या घरून चंद्राबाई वहिनींनी आणून दिला. गुंडा आला नाही.

मीही गेलो नाही. मी का जाऊ?

१५ जानेवारी, गुरुवार

खिळा कुठल्याही कंपनीचा असो, हातोडी विचारत नाही. बिजागरी कराडची असो नाहीतर सांगलीची, स्क्रू बसतो. मग या शहाण्यांना एक बॅटरी सगळ्यांना बसेल अशी करता येत नाही? ताकद वाढवता येते, वजन उतरवता येतं, मिनिटांत भरता येते — आणि खाच तेवढी सारखी करता येत नाही! येत नाही कशी? करायची नाही! एकाची हत्यारं घेतली की जन्मभर त्याच्याच दारात उभं राहायचं. शेजाऱ्याच्या दारात जायचं नाही.

दानिश म्हणाला, काही कंपन्यांनी मिळून एक बॅटरी केलीय म्हणे. आपली कंपनी त्यात नाही. गुंडाचीही नाही.

असणार कशी!

१६ जानेवारी, शुक्रवार

लाईट गेली, आली. बोळात कुणी ओरडलं नाही. दोन्हीकडं मशीन चालू. माणूस एक नाही.

१८ जानेवारी, रविवार

चंद्राबाई वहिनी मदिनाबीच्या गुडघ्याला तेल घेऊन आल्या. जाताना दारात थांबल्या. "भावजी, दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसत न्हाई, त्ये ह्यास्नी दिवाळीपास्नं म्हाईत हाय. शिवतेजनं आनली त्याच दिशी सांगितलंवतं. पर कायतरी मागाय नगो व्हय? आता वायर बी येत न्हाई तुमच्याकडनं."

खुंटीवरची वायर काढली. लाईट आहे, दोन्हीकडं आहे. तरी हुकातून बोळावरून पलीकडं सोडली. प्लगला चिठ्ठी बांधली —

गुंडा, वायर धाडलीय. जोड. जोडायची नसेल तर तसं लिही. पण लिही, आणि लगेच लिही.