मंजूर फाइल आणि एक छोटीशी सुधारणा

सोमवार, ३ जून
आज इतिहास घडला. कंपनीच्या तेरा शाखांमधून येणारे पाण्याच्या टाक्यांच्या विक्रीचे तक्ते एकत्र करणारा माझा प्रोग्राम पूर्ण झाला. चार महिने खपलो. गुरू कोणी नाही, नेटवर बघून बघून शिकलो. डबल क्लिक केलं की अहवाल तयार. विभागप्रमुखाची जागा रिकामीच आहे. ती माझी झाली, आता फक्त कागद निघायचा बाकी.

मंगळवार, ४ जून
सकाळी १०.१५. प्रोग्राम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला. अँटीव्हायरसने तीन सेकंदांत गिळला. 'धोकादायक वस्तू हटवली' म्हणे. पोटच्या पोराला कोणी वस्तू म्हणतं का?
११.४०. पुन्हा टाकला. पुन्हा गिळला.
४.००. नाव बदलून 'निरुपद्रवी' ठेवलं. या वेळी दोनच सेकंद लागले.

गुरुवार, ६ जून
कॉम्प्युटर विभागातल्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, घरी बनवलेला प्रोग्राम अँटीव्हायरसच्या ओळखीचा नसतो, म्हणून तो अडवतो. मी म्हटलं, मग ओळख करून द्या. त्याने फॉर्म दिला. 'निर्माती कंपनी' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, 'मुख्यालय' म्हणून घरचा पत्ता. ही म्हणाली, मुख्यालयातला नळ गळतोय, आधी तो बघा. दुर्लक्ष केलं. मोठी कामं करणाऱ्याच्या घरी असं चालायचंच.

बुधवार, १२ जून
मंजुरी आली. प्रोग्राम चालला. अकरा सेकंदांत अहवाल. शेजारच्या टेबलावरच्या बाई हा अहवाल वर्षानुवर्षं हाताने करतात, त्यांना मुद्दाम दाखवला. छान आहे म्हणाल्या आणि डबा उघडला. जळफळाट, दुसरं काय.
चष्मेवाल्याने बजावलंय, मंजुरी याच फाइलला आहे. एक अक्षर बदललं तरी अँटीव्हायरसच्या लेखी ती नवी फाइल. मला काय वेड लागलंय बदलायला.

गुरुवार, १३ जून
साहेब म्हणाले, जागेसाठी अर्ज उद्या पाचच्या आत मेल करा. अर्जाला प्रोग्रामच जोडणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला. रात्री घरी त्यात फक्त एक छोटीशी सुधारणा केली: उघडताना 'साहेबांना सादर प्रणाम' अशी पाटी येईल. याला बदल म्हणत नाहीत, रीतभात म्हणतात.

शुक्रवार, १४ जून
४.५२. अर्ज पाठवला.
४.५३. अँटीव्हायरसची कसलीशी सूचना आली. त्याच्या तोंडी लागायचं नाही असं ठरवलंय. न वाचता बंद केली.
घरी जाताना नवा शर्ट घेतला, विभागप्रमुखाला शोभेलसा.

सोमवार, १७ जून
अर्ज एकच आला होता, बाईंचा. नेमणूक त्यांची झाली. साहेब म्हणाले, तुम्ही अर्जच केला नाहीत, आम्हाला वाटलं तुम्हाला रस नाही. चष्मेवाल्याकडे धावलो. अर्ज सापडला, अँटीव्हायरसने प्रोग्रामसकट कोंडलेला. मेल माझ्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडलाच नव्हता. तो म्हणाला, सोडवून देऊ का? नको म्हटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुपारी बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, आता हा अहवाल तुमच्याकडे, आणि तूर्त हातानेच करा. बसलो आणि केला. पंचवीस मिनिटं लागली. मधे एकदा चहाही झाला.
हे हिला सांगणार नाही.