तिसऱ्या बाईच्या हाती निरोप

॥ श्री ॥
गडब, १४ नोव्हेंबर १९९५

ती. गुणाजीदादास धाकट्या पुतळीचा वाकून नमस्कार. शांतीवहिनीला नि पोरांना आठवण.

दादा, आधी खाली बस नि मग पुढे वाच. यांना मुंबईच्या इस्पितळातून घरी आणलं. ताप उतरला, झटके थांबले, जेवण चांगलं जातंय. स्वतःच्या आईला ओळखतात, आमच्या लेकीला, प्रतिक्षाला ओळखतात, म्हशीला नावाने हाक मारतात. फक्त मला ओळखत नाय. मी हुबेहूब पुतळीसारखी दिसते पण पुतळी नव्हे, असं यांचं म्हणणं. परक्याच्या बायकोसोबत एका घरात निजणं बरं दिसत नाय म्हणून पडवीत चटई टाकतात. मला अहोजाहो करतात! लग्नाला सोळा वर्षं झाली, कधी स्वतःचा तांब्या भरून घेतला नाय, नि आता मी हंडा घेऊन आले की धावत येऊन उतरवतात. काल कोलंबीचं कालवण खाऊन म्हणाले की आमच्या घरातलीला असं जमत नाय. शेजारची बायजा हसून हसून लोळली. मीपण हसले, नि मग गोठ्यात जाऊन रडले.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मेंदूत म्हणे जन्मापासूनचे राखणदार असतात, बारीक बारीक पेशी. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, परका दिसला की विचारपूस न करता तुटून पडायचं एवढंच येतं. तापाचे जंतू घुसले तेव्हा ते धावले ते बरं झालं, पण जंतू गेले तरी हे काय थांबेनात, आता घरच्यांनाच झोडपतायत. त्याचीच मेंदूला सूज. आपल्या खारेपाटात उधाणाने बांध फुटला की सगळं गाव धावतं नि बांध वाचवताना आपलीच भातं तुडवतं, तसं झालं बघ. आतले राखणदार आपल्या माणसाला परका समजतात, नि बाहेर हे मला. सगळ्यांना एकच खूळ!

त्या राखणदारांना आवरायला गोळ्या दिल्यात. सूज वेळेत उतरली नाय तर मेंदूला कायमची इजा होईल नि हे असेच राहतील. पण हे गोळी तोंडात घेत नाय. औषध घेणार ते बायकोच्याच हातून, परक्या बाईच्या नाय, आईच्यापण नाय. हट्टच धरून बसलेत. दादा, मी काय करू? तुझ्या डोक्यातनं काहीतरी काढ.

माया पातळ करू नको.
तुझी, पुतळी (खरी)


गडब, १६ नोव्हेंबर १९९५

रा. रा. गुणाजीराव यांस काळुरामचा रामराम, विशेष.

आपण पाठवलेली बाई पोचली. कामाला चोख हाय, बोलायला गोड हाय, तक्रार नाय. पण माझी बायको बदलून पाठवायची काय गरज पडली ते कळलं नाय. मी इस्पितळात पडलोय बघून आपण काम उरकलंत. नक्कल मात्र फर्मास. आमच्या पुतळीच्या डाव्या हातावर तव्याचा डाग हाय, हिच्यापण हाय, नि त्याच जागी. एवढी मेहनत ज्याने घेतली त्याला एकदा बघायचं हाय.

पुतळी रुसून माहेरी बसली असेल तर तसं कळवा. दिवाळीची साडी तिला आवडली नव्हती, दुसरी आणीन. मी ओरडतो हे खरं, पण सगळेच ओरडतात. भात झोडणीला आलंय, घर नुसतं ओकंबोकं झालंय.

आणि या बाईला मानाने परत न्या. कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसत असते. तिचाही कुणी नवरा वाट बघत असेल. परक्याची बायको ठेवून घेणाऱ्यातला मी नाय.

राग नसावा, बायको मात्र धाडावी.
आपला, काळुराम


रोहा, २० नोव्हेंबर १९९५

चि. पुतळीस दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं नि पाव्हण्यांचं, दोन्ही पत्रं एकाच टपालाने हातात पडली. त्यांचं पत्र वाचून तुझी वहिनी मला विचारते, गडबला हाय ती नक्की तुमची बहीणच हाय ना! हसलो, पण ताट तसंच ठेवून उठलो.

धाटावला कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, वाद घालू नका, तो माणूस ढोंग करत नाय. चेहरा त्याला बरोबर दिसतो, पण आपलं माणूस समोर आल्यावर आत जे हलतं तेच हलत नाय, म्हणून त्याला ती दुसरीच वाटते. गोळ्यांना मात्र आणखी उशीर नको, असं दोनदा बजावलं.

तर मी असं ठरवलंय. तू लगेच रोह्याच्या गाडीत बस. दोन दिवस माहेरपण कर. मग मी उलटा मुराळी होऊन तुला गडबला आणतो, नवी साडी, ओटीत नारळ, पेढ्यांचा पुडा, सगळं रीतसर. माहेराहून भावाने आणून घातलेल्या बायकोला नाय म्हणायची कुणाची टाप हाय? धीर सोडू नको, बाकी मी बघतो.

तुझा, गुणाजीदादा


गडब, २७ नोव्हेंबर १९९५

ती. दादास पुतळीचा नमस्कार, जरा रागातच.

दादा, तुझ्या अकलेला हळदकुंकू वाहू काय? तुझ्यादेखत यांनी मला खालून वर बघितलं नि ही तिसरी म्हणून सांगितलं. आधीची बरी होती, तिला घराची सवय झाली होती, ती धड पोचली काय म्हणून तुलाच विचारलं. नि तू सेकंड शिफ्टचं निमित्त करून पळालास. आता पुढचं ऐक.

मला पाट दिला, चहा आईंना करायला लावला. मग हळूच विचारलं की रोह्याला तिची भेट झाली काय. माझ्या तोंडून व्हय निघून गेलं. तर हा माणूस, दादा, परक्या बाईसमोर ढसाढसा रडला. म्हणाला, कालवणाला नावं ठेवतो ती नुसती खोड, तिच्याशिवाय घास गोड लागत नाय हे तिला सांगा. प्रतिक्षाच्या वेळी तिच्या कळा ऐकवेनात म्हणून मागच्या दारी बसून रडलो, तेपण सांगा. मी सोळा वर्षं वाट बघितली नि ऐकायला मिळालं त्या तिसरीला! असा राग आला मेलीचा!

त्या रागातच मला सुचलं. मी सांगितलं की तिनेपण निरोप धाडलाय, गोळ्या घ्या, कुणाच्याही हातून घ्या, पण घ्या. यांनी खूण मागितली. मी म्हटलं, लग्नात तुमचे बूट मागून आणलेले होते, पायाला फोड आले ते तुम्ही नव्या नवरीपासून लपवलेत, तिने बघितले नि गप्प राहिली. हे दचकले. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार, निरोप खराच म्हणाले, नि गटकन गोळी गिळली.

आता रोज सकाळी मी मलाच भेटून येते. पदर घेऊन कुंपणाबाहेर जाते, बायजाच्या दारी जरा टेकते, नि रोह्याहून आला म्हणून माझाच निरोप घेऊन परत येते. गावाला वाटतं सूज मलाच आलीय. वाटू दे. गोळी पोटात जातेय.

तुझ्यावर रागावले तरी तू हवास.
पुतळी


गडब, ९ जानेवारी १९९६

ती. दादास पुतळीचा आनंदाचा नमस्कार.

आठ दिवसांमागे निरोप आणायला निघाले, तर मागून हे ओरडले की सकाळच्या पारी कुठे उंडारतेस गो, चहा काय तुझा दादा करणार हाय? मी कुंपणापाशीच भोकाड पसरलं. दादा, ती हाक ऐकायला कान तरसले होते रे! बायजाला वाटलं मला चावलं काहीतरी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सूज ओसरली, राखणदार गप जागेवर बसले. गोळ्या एकदम थांबवायच्या नायत, हळूहळू कमी करायच्या. तुला धाडलेल्या पत्राचा विषय काढला की हे लाजून खळ्यात जातात.

बाकी सगळं पहिल्यासारखं. कालवणात मीठ जास्त, हंडा माझा मीच उतरवते. देवाने जे मागितलं ते दिलं, तरी मन कसलं वाईट बघ, त्या दोघी बायांचा मला अधूनमधून हेवा वाटतो.

काल दुपारी मी तांदूळ निवडत होते. हे उंबऱ्यात आले, उगाच चुळबुळले, नि खाली बघत विचारलं की त्या बाई आहेत काय, थोडं बोलायचं होतं. मी सूप बाजूला ठेवलं. पदर डोक्यावर ओढला नि परकी होऊन बसले. तेव्हा यांनी सांगितलं की ती आता परत येणारच नाय असं वाटलं होतं, फार भ्यालो होतो, एवढं तिला सांगा.

तिला सांगते म्हटलं. नि पदराआडून मान हलवली.

वहिनीला घेऊन ये, चार दिवस राहा.
तुझी, पुतळी