टाकी बाटली

सांगवी,
६ नोव्हेंबर २०२५

चि. पिंटूस,
अ. उ. आ.

माझा नंबर ब्लॉक केलास, बरं केलंस. पोस्टमनला कसा ब्लॉक करणार आहेस? आप्पांना ऐकू येत नाही म्हणून त्यांना मी पत्रं लिहितेच, आता त्यांच्याबरोबर तुलाही.

भाऊबीजेला तुझी गाडी आमच्या गेटात शिरली तर वॉचमन विचारतो, मॅडम, आज वडे कुणाकडे? वरच्या कुसुमताई बाल्कनीत येऊन वास घेऊन गेल्या. मी चारचौघांत एवढंच म्हटलं की आमचा भाऊ गाडीला डिझेल पाजत नाही, तळणीचं तेल पाजतो. त्यावर तू भरल्या ताटावरून उठलास! पंचेचाळिशीचा घोडा झालास, पण नाकावर माशी काही बसू देत नाहीस.

चेष्टा राहू दे. आप्पांचं बोलायचं आहे. मंगळवार-शुक्रवार पहाटे पाचला त्यांना उठवायचं, चाकणहून चिंचवडला डायलिसिसला न्यायचं, आणि चार तास सुया टोचून घेतल्यावर मोशीच्या ट्रकांमधून हादरे खात परत आणायचं. सांगवीहून दवाखाना वीस मिनिटांवर आहे. हे रिटायर झालेत, आमची गाडी पेट्रोलची आहे, खोली रिकामी आहे.

खरं सांगू? आई तुझ्या घरात गेली, तिच्या तोंडात पाणी घालणं माझ्या वाट्याला आलं नाही. आप्पा तरी माझ्याकडे असावेत असं मला फार वाटतं. त्यांना पाठव. आमच्या भावजयबाई मोनिकाला आशीर्वाद, आणि रागातून काही माया उरली असेल तर थोडी इकडेही येऊ दे.

तुझी,
सुमनताई


चाकण,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मोनिकाने वाचून दाखवलं. माझे हात तेलाचे होते. त्याच तेलाचे, ज्याचा तुला वास येतो.

तळणीचं तेल पाजतो म्हणालीस, ते सुद्धा धड न्हाई. वापरलेलं तेल गाळायचं, त्यात मेथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं, खाली ग्लिसरीन बसतं ते काढायचं, वरचं पाण्यानं धुऊन सुकवायचं. त्याला बायोडिझेल म्हणतात. अर्धं ते आणि अर्धं पंपावरचं. पहिल्या महिन्यात त्यानं टाकीतला सतरा वर्षांचा गाळ सोडवून फिल्टर तीनदा तुंबवला, रबरी पाइप फुगवले. सगळे बदलले मी, माझ्या हातानं. आता इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की आप्पा पुढच्या सीटवर मोशीपर्यंत घोरतात. कंपनीत मी बावीस वर्षं मेंटेनन्सला हाय, काय घालतोय ते मला कळतं.

आप्पांना तुझ्याकडं पाठवू? मागच्या साली आठ दिवस होते ना. खोकले की तू त्यांच्या खोलीचं दार ओढून घ्यायचीस. बाल्कनीत धोतर वाळत घातलं तर सोसायटीचा नियम ऐकवलास. नवव्या दिवशी म्हातारा कुणाला न सांगता एकटा बसनं घरी आला, आणि ते गेलेत हे तुला जेवायच्या वेळेला कळलं.

आईचं पाणी काढू नकोस. त्या दिवशी तुला अकरा फोन केले होते. तू महाबळेश्वरला होतीस, नंतर म्हणालीस रेंज नव्हती. मी तेव्हा काही बोललो न्हाई, आज बोलतो.

दाजींना नमस्कार. ते बिचारे भले हायेत, त्यांचा लोभ असला तरी मला पुरे.

पिंटू


सांगवी,
२४ डिसेंबर २०२५

चि. पिंटूस,
अ. उ. आ.

काल सकाळी सात वाजता तुझा फोन आला. मला नव्हे, ह्यांना. गुळगुळीत चालणारी गाडी मोशीच्या पुढे थंडीत बंद पडली आणि डायलिसिसची वेळ टळत चालली होती. हे धावले, आप्पांना वेळेत पोचवलं. तुला दाजी भले वाटतात ते काही उगाच नाही!

तू आप्पांच्या उशाशी बसलास आणि गाडीपाशी ह्यांना पाठवलंस, ते एक चुकलंच तुझं. मेकॅनिकने ह्यांच्यासमोर फिल्टर उघडला. आत पांढरं, थिजलेलं, हिवाळ्यात खोबरेल होतं तसं. मेकॅनिक हसून म्हणाला, साहेब, यात कोंबडीची चरबी आहे, थंडीत ती अशीच बसते. मग ह्यांनी तुला विचारलं, आणि तू खाली मान घालून सांगितलंस की तेल कंपनीच्या गेटापुढच्या चिकनच्या गाड्यांवरचं आहे.

पिंटू, आप्पांच्या गळ्यात अडतीस वर्षं तुळशीची माळ आहे. ज्या घरात अंडं शिजतं तिथे ते पाणी पीत नाहीत. आणि त्यांना तू कोंबडीच्या चरबीवर आठवड्यातून दोनदा फिरवतोस, वर एकादशीला त्याच गाडीतून आळंदीला नेतोस! तिथे हात जोडून उभे असतात तेव्हा तुला काहीच वाटत नाही?

मला भांडण नको आहे. संक्रांतीपर्यंत आप्पांना माझ्याकडे आणून सोड. नाहीतर त्यांना पत्र लिहावं लागेल, आणि माझं अक्षर त्यांना चष्म्याशिवाय लागतं.

तुझं भलं चिंतणारी,
सुमनताई


चाकण,
३० डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलं माझं, कबूल. भजीवाले तेल काळंकुट्ट होईपर्यंत सोडत न्हाईत, फरसाणवाले देत न्हाईत. चिकनवाल्यांकडं रोज डबे भरून मिळतं, म्हणून घेतलं. धूर काय पोटात जात न्हाई, असं मनाला सांगत राहिलो. आळंदीला नेणं चूक हाय हे कळत होतं. तरी नेलं, कारण आप्पांना जायचं होतं.

आता ऐक. तेलाचा ड्रम उपडा केला. टाकी उतरवून धुतली. आजपासून फक्त पंपावरचं डिझेल. तुझ्या पाया पडतो, आप्पांना सांगू नकोस. ते गाडीत बसायचे बंद होतील, आणि डायलिसिस चुकलं तर काय होतं ते डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. चिडलीस तर मला मार, कंपनीच्या गेटावर येऊन चपलेनं मार. त्यांना मारू नकोस.

तुझ्याकडं यायचं का, असं मी त्यांना विचारलं. पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी पाटी पुसली.

एवढी एक माया कर, दुसरी कधी मागणार न्हाई.

पिंटू


सांगवी,
१२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
सुमनचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते आहे. थंडी फार आहे, कानटोपी घालत जा.

आप्पा, सांगू की नको असं वीस दिवस चाललं होतं. पण तुम्हीच शिकवलंत, की माळकऱ्याला फसवणं हे देवाला फसवणं. पिंटूची गाडी ज्या तेलावर चालत होती ते चिकन तळलेलं तेल होतं. त्यात चरबी होती, ह्यांनी डोळ्यांनी पाहिली. दवाखान्याला जाताना, आणि आळंदीला जातानासुद्धा, तुम्ही त्यावरच बसून गेलात. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला तुमच्या माळेची किंमत नसावी, इतकंच.

मला रडू येतंय लिहिताना. तुम्ही इकडे या. माझ्या घरात सगळं सोवळ्यातलं आहे आणि गाडी पेट्रोलची आहे. हे कधीही न्यायला येतील. तुमच्या पायांशी बसायला मिळावं, एवढंच मागते.

तुमची लाडकी,
सुमन


चाकण,
२८ जानेवारी २०२६

ताई,

नमस्कार आज लिहीत न्हाई.

तुझं पत्र संक्रांतीनंतरच्या गुरुवारी आलं. आप्पांनी ओट्यावर बसून दोनदा वाचलं, घडी केली, आणि थंड पाण्यानं अंघोळ केली. त्या दिवशी जेवले न्हाईत. शुक्रवारी पहाटे गाडी काढली तर दारात उभे राहून म्हणाले, टाकी बाटली. टाकी धुतली हे मी पाटीवर लिहिलं. ते म्हणाले, मग मला धू.

भाड्याची गाडी आणली. तर म्हणे हिच्या पोटात काय हाय ते शपथेवर सांग. ड्रायव्हरला काय ठाऊक! दाजींना बोलावलं. ते आले, आप्पा त्यांच्याशी नीट बोलले, चहा दिला, आणि म्हणाले, सुमनच्या गाडीत बसलो तर ती सुमनच्याच दारात उतरवील. हे दाजींनी तुला सांगितलं नसणार.

मग बस. बस गॅसवर चालते म्हणून ती सोवळी. पहिल्या दिवशी मोनिका सोबत गेली, दोन तास उशीर झाला, त्यांनी अर्धंच डायलिसिस केलं. मंगळवारी पाय इतके सुजले होते की बसची पायरी चढता येईना, स्टॉपवरून माघारी आले. शुक्रवारी उठलेच न्हाईत. रविवारी श्वास लागला, ओठ निळे पडले. मी उचलून माझ्याच गाडीत घातलं. शुद्ध नव्हती, म्हणून बसले.

दोन दिवस मशिनवर होते, काल घरी आणलं. जगलेत. तुला आनंद झाला असेल तर होऊ दे. मी तुझी सगळी पत्रं त्यांच्यापुढं ठेवली, चोवीस डिसेंबरचंसुद्धा, ज्यात तू संक्रांतीची मुदत दिलीस. माझीही ठेवली. ते तुला लिवणार हायेत म्हणे. मला काय लिवतायत ते दाखवत न्हाईत.

पिंटू


चाकण,
५ फेब्रुवारी २०२६

चि. सुमनीस,

हात कापतो, अक्षर लावून घे.

तुझी आन पिंट्याची पत्रं वाचली. पिंट्या लबाड हाय, त्यानं मला फसवलं. त्याला मी सांगितलं, तू माझ्या अडतीस वर्षांवर थुंकलास. तो रडला, मी त्याला रडू दिलं. गप हो म्हणालो न्हाई.

आता तुझं. मेकॅनिकचं बोलणं दाजींकडनं तुला तेवीस तारखेलाच कळलं. माळेची काळजी असती तर तू त्याच सांजेला दाजींबरोबर आली असतीस आन मला म्हणाली असतीस, आप्पा, उतरा. तू तसं केलं न्हाईस. संक्रांतीची मुदत घातलीस. त्या मुदतीत मी सहा वेळा त्या गाडीत बसलो, एकादशीला आळंदीला गेलो. ते तुला ठाऊक होतं. तू घरी बसून वाट बघत होतीस, म्हातारा कुणाच्या पदरात पडतो त्याची. पिंट्यानं मला कोंबडीवर बसवलं, तू मला बाजारात बसवलंस.

रविवारी श्वास अडकला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं न्हाई. मला लय भ्या वाटलं, पोरी. एवढं भ्या वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. कीर्तनात सगळ्यांना सांगत आलो, मरण म्हंजे माहेर. खोटं हाय ते. मला मरायचं न्हाई. हे मी फकस्त तुला लिवतो, कारण तुझ्यापुढं लाज वाटायचं आता काय राहिलं न्हाई.

माळ गळ्यात हाय तवर मला त्या गाडीत बसता येत न्हाई. गाडीत बसल्याबिगर मला दवाखाना गाठता येत न्हाई. तुझ्याकडं येता येत न्हाई, तिथं मी आठ दिवस राहून बघितलंय. मग एकच गोष्ट निघण्यासारखी होती. गेल्या शुक्रवारी पहाटे अंघोळ करून काढली. मोनिका ओरडली, पिंट्यानं पाय धरले. पिंट्यानं पाटीवर लिवलं, देवळात ठेवू. न्हाईतर आळंदीत इंद्रायणीत सोडू. मी म्हणालो, काय गरज न्हाई, आपल्या घरात एकजण हाय जिला माझ्यापरीस माझ्या माळेची जास्त काळजी हाय.

ती या पाकिटात हाय. मणी मोज, एकशे आठ हायेत, टपालात तुटली तर गोळा करून घे. मी मेल्यावर कुणी विचारलं, आप्पांची माळ कुठं गेली, तर खोटं बोलू नकोस. माझ्याकडं हाय म्हण.

उद्या शुक्रवार, पाचला उठायचं हाय. तू मागितलंस ते पाठवलं, आता आशीर्वाद येगळा लिवत न्हाई.

आप्पा