पहिली घंटा

मुख्याध्यापिका बुरुलकानबाई,

माझी बहीण अक्मारल पायानं अधू आहे, डोक्यानं नाही. तरी आईला "फोटो बिघडेल, घरीच शिकव," म्हणत तुम्ही तिला पहिलीच्या रांगेतून काढलंत. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे शाळेच्या पहिल्या दिवशी वरच्या वर्गातला मुलगा पहिलीतल्या एका चिमुरडीला खांद्यावर घेतो आणि ती घंटा वाजवते. त्यात तिला पाय कुठे लागतात हो? शेवटी आईनंच अक्मारलला खांद्यावर घेतलं, तुमच्या हातातली घंटा हिसकावली आणि पोरीनं ती अख्ख्या गावाला ऐकवली!

मला आठवीत हाकललंत तेव्हा आई गप्प बसली होती. म्हणून मी मॉस्कोत विटा वाहतोय.

काल आई फोनवर म्हणाली, "शिव्यांचं पत्र धाडू नकोस, बाळा. राग पोरीवर काढतील. त्यापेक्षा ये आणि शाळेच्या पायऱ्यांवर उतार बांध."

पत्र खिशातच ठेवतोय. सिमेंट घेऊन येतोय. अडवून दाखवा.

तुम्ही हाकललेला,
तैलाक