घरगुती पंप क्रमांक चार

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण आईने लावलेली सवय मोडत नाही. चार दिवसांपूर्वी फोनवर रडता रडता धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या भाचीच्या रक्तात शिसं निघालं. सात वर्षांची पोर, येणारी अक्षरं विसरते, पोट धरून बसते. आळशी म्हणून मी तिला दोनदा फटकावलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी तोऱ्यात म्हटलं, अंगणातल्या पंपाचं, माझा भाऊच तपासतो.

पहिली पट्टी दाखवायला आला होतास, आठवतं? बोटाएवढा कागद, त्यावर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण. पाण्यात शिसं असलं की दहा मिनिटांत लालाची निळी होते, म्हणालास. आपल्या घरात सोनं आलं ते असं, म्हणून मी गल्लीभर मिरवले. मग चौदा महिने दर सोमवारी बाटली तीनदा विसळून, भरून, तारीख लिहून तुझ्या प्रयोगशाळेत पाठवली. काय निघालं विचारलं की तुझं एकच, ताई, मोजमाप चालू आहे, धीर धर. धरला. आणि तेच पाणी रोज तिच्या शाळेच्या बाटलीत भरलं.

फोननंतर तुझा छापलेला लेख शेजारच्या बाईंकडून वाचून घेतला, त्या शाळेत विज्ञान शिकवतात. तक्त्यात आम्ही 'घरगुती पंप क्रमांक चार'. तारखा माझ्याच. पहिल्याच सोमवारी पट्टी निळी, पुढेही निळीच. पेटंटचा अर्ज जाईपर्यंत बोलायची बंदी असते, असं त्या म्हणाल्या. अरे, जगाला नको सांगूस, बहिणीच्या कानात सांगायला काय झालं होतं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. वर शेवटी सहकार्याबद्दल आमचे आभारही मानलेस.

काल तुझं पाकीट आलं. वाटलं, माफी मागितली असशील. निघालं संमतीपत्र. रक्तासाठी नवी पट्टी केली आहे, भाचीचा नमुना मोलाचा ठरेल; मात्र औषधाने शिसं उतरायच्या आत हवा, तर उपचार आठ दिवस पुढे ढकल, असं लिहिलंस. कागद सही न करता परत पाठवते आहे. औषधाचा पहिला डोस तिला आज सकाळीच दिला.

तुझीच, नातं बदलता येत नाही म्हणून,
ताई